आईवडिलांच्या लहानपणची गाणी शोधायची असतील तर

मिरजेत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक चिठोऱ्यावर गाण्यांची यादी लिहून आणायचे, साठ मिनिटांची घ्यायची की नव्वदची यावर दुकानातच खल करायचे आणि दोन-चार दिवसांनी येऊन भरलेली कॅसेट घेऊन जायचे. (कायद्याचं आता विचारू नका, तेव्हा गावोगाव हेच चालायचं.) दुकान केव्हाच बंद झालं, पण लोक यायचे थांबले नाहीत. आता चिठ्ठीऐवजी पेनड्राइव्ह असतो आणि म्हणणं साधारण एकच असतं: "काका, बाबा हल्ली कशातच रमत नाहीत. त्यांची जुनी गाणी भरून द्या की."

जुनी म्हणजे नक्की कुठली? मुलाला वाटतं तो स्वतः शाळेत असताना बाबा जी लावायचे ती. बाबांची जुनी गाणी त्याच्याही तीस वर्षं मागची असतात आणि त्यातली निम्मी बाबांनी कधी स्वतः लावलेलीच नसतात. ती शेजारच्या वाड्यातून, देवळातून, हॉटेलातल्या रेडिओवरून आपोआप कानात गेलेली असतात. दुकानात बसून मला एवढं नक्की कळलं की माणसाचा कान घडतो तो असा न मागता ऐकू आलेल्या गाण्यांवर. तीच शोधायची तर विचारायची पद्धत वेगळी लागते.

आधी साल काढा

जन्मसाल घ्या, त्यात पाच मिळवा, मग पुन्हा जन्मसालातच वीस-बावीस मिळवा. मधला काळ तुमचा. आई 1946 सालची असेल तर 1951 ते 1968. या काळाचे दोन भाग करा, साधारण बारा वर्षांपर्यंतचा आणि त्यानंतरचा. दुसऱ्या भागातली गाणी माणूस नावानिशी सांगतो. कॉलेजात ऐकलेली, मित्रांबरोबर ऐकलेली, प्रेमात पडल्यावर ऐकलेली. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी 1989 साली वेगवेगळ्या वयांच्या लोकांना जुनी-नवी लोकप्रिय गाणी ऐकवून पसंती विचारली, तेव्हा सर्वांत जास्त पसंती आली ती ऐकणारा साधारण तेवीस-चोवीस वर्षांचा असतानाच्या गाण्यांना. माझ्याकडच्या चिठ्ठ्याही अशाच असायच्या. चाळिशीचा माणूस आला की त्याच्या विशीतली गाणी, साठीचा आला की त्याच्या विशीतली.

पहिल्या भागातली गाणी मात्र चिठ्ठीवर यायची नाहीत. तिथून येतात ती आवाजाची जात, ठेका, सुरांची चाल. पखवाज ऐकत वाढलेला माणूस पुढं कव्वाली ऐकेल, बँड ऐकेल, पण ठेका ठाशीव नसलेलं गाणं त्याला पाणचटच वाटणार. हे माझं निरीक्षण, शास्त्र म्हणून सांगत नाही.

साल काढलं की त्या सालात आवाज कुठून येत होता ते बघा. 1952 पासून दहा वर्षं बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि त्यांना सिनेसंगीताचं वावडं होतं. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं आणि 1952 च्या डिसेंबरपासून अमीन सयानींचा आवाज घराघरात पोचला. मग 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीनं विविध भारती काढली. म्हणजे 1946 सालच्या मुलीनं अकराव्या वर्षापर्यंत सिनेमाची गाणी रेडिओवर ऐकली असतील तर ती बहुतेक सिलोनची. लघुलहरीवरची, मधूनच लांब जाणारी आणि पुन्हा जवळ येणारी. मराठीचं खातं वेगळं. पुणे केंद्र 1953 चं आणि 1955 च्या रामनवमीपासून तिथून गदिमा-बाबूजींचं गीतरामायण दर आठवड्याला एक नवं गाणं असं वर्षभर चाललं. छप्पन्न गाणी. त्या वर्षी सात-आठ वर्षांचं असलेलं पोर शब्द कळण्याआधीच ते सूर घेऊन बसलेलं असतं.

पण हे सगळं घरात रेडिओ असेल तर. रेडिओला लायसन्स लागायचं, पैसा लागायचा. खेड्यात चावडीवर एखादा असायचा. 1956 साली आकाशवाणीनं पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करून दीडशे गावांत गट बसवून ते ऐकवले होते, तसल्या ठिकाणी पोरंही येऊन बसायचीच. म्हणून यादीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट लिहा: घरात वीज कोणत्या साली आली. त्याच्या आधीचं संगीत माणसाच्या गळ्यातलं आणि हातातलं, नंतरचं डब्यातलं. पुढं स्वस्त ट्रान्झिस्टर, 2 ऑक्टोबर 1972 पासून मुंबई दूरदर्शन, ऐंशीच्या दशकात कॅसेट. प्रत्येकानं कान बदलले, पण गावोगावी वेगवेगळ्या साली.

गाणं विचारू नका, जागा विचारा

"तुला कुठली गाणी आवडतात?" असं विचारलं की म्हातारं माणूस शोभेसं उत्तर देतं. अभंग, भावगीतं, भीमसेन. आणि ते खोटंही नसतं. पण त्यातून यादी निघत नाही.

एक बाई आल्या होत्या, शाळेत मुख्याध्यापिका. आईला विसरायचा आजार. अभंगांचा मोठा साठा भरून दिला होता कुणीतरी, आई ऐकायची आणि भिंतीकडं बघत बसायची. मी म्हटलं, आईंनाच घेऊन या. आजी आल्या, खुर्चीवर टेकल्या. मी गाण्याचं काढलंच नाही.

"आजी, तुमचं माहेरचं घर कुठल्या गल्लीत?"

"गल्ली कसली, गावाबाहेर होतं. ओढ्याकडंला."

"मग मागं काय, शेत?"

"मागं तंबू लागायचा की. सिनेमाचा."

लेकीला हे माहीत नव्हतं. सुगीनंतर फिरता तंबू यायचा आणि खेळ सुरू व्हायच्या आधी कर्ण्यावर तबकड्या लावायचे, गावाला कळावं म्हणून. पोरींना तंबूत जायची मुभा नव्हती. पण कर्णा काय विचारून वाजतो? रोज संध्याकाळी त्याच आठ-दहा तबकड्या, त्याच क्रमानं. शेवटची देवाची लागली की खेळ सुरू. आम्ही त्या काळच्या लावण्या आणि तमाशापटातली गाणी शोधून लावली तेव्हा आजींचा उजवा पाय हलायला लागला. मग म्हणाल्या, "आई हाक मारंल आता." मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या घरात लावणी हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता.

तेव्हा विचारायचं ते असं. घराच्या मागं काय होतं, पुढं काय होतं. पहाटे जाग कशानं यायची: वासुदेव, काकड आरती, अजान, मिलचा भोंगा, जातं? स्वयंपाक करताना कोण गुणगुणायचं, आणि काय गुणगुणायचं? शाळेत रोज कुठली प्रार्थना? गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाचा कर्णा कुठल्या बाजूला तोंड करून बांधलेला असायचा? जत्रेला तमाशा की कीर्तन? लग्नाच्या वरातीत बँड कुठल्या गावचा? सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत, हॉटेलात रेडिओ असायचा का? आणि एक हमखास लागू पडणारा प्रश्न: घरात कुठलं गाणं म्हणायला बंदी होती? त्याचं उत्तर बहुधा पहिल्या कडव्यासकट येतं.

आमच्या भागात आणखी एक विचारतो, रेडिओवर धारवाड केंद्र लागायचं का. सीमेकडच्या घरांत कानडी पदं कानावर पडलेली असतात आणि ती मराठी यादीत कधीच येत नाहीत. कोकण-गोव्याकडं याच जागी दशावतार विचारा, मांडो विचारा, चर्चमधलं गाणं विचारा. वस्तीत वाढलेल्यांना भीमगीतं आणि त्यांचे गायक विचारा. एप्रिलमध्ये रात्रभर चालणारे कव्वालीचे सामने ऐकत मांडीवर झोपी गेलेली पोरं आज सत्तरीत आहेत.

रस्त्यावरच्या आवाजाची ताकद केवढी, याला भीमसेन जोशींचंच उदाहरण घ्या. गदगचे. लहानपणी भजनी दिंडी किंवा वाजंत्री दिसली की मागोमाग चालत जायचे आणि दमून कुठंतरी झोपायचे. वडील शाळामास्तर. त्यांनी शेवटी शर्टावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून टाकलं असं सांगतात, सापडला की आणून सोडावा म्हणून. पुढं अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर कानी पडली आणि अकराव्या वर्षी पोरगं गाणं शिकायला घर सोडून निघालं. तबकडी ती, साडेतीन मिनिटांची! खाँसाहेब आमच्या मिरजेचे, दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, म्हणून जरा जास्त सांगितलं.

नेमकी तीच ध्वनिमुद्रिका हवी

गाण्याचं नाव कळलं म्हणजे काम झालं असं नाही. त्याच गाण्याच्या इंटरनेटवर वीस आवृत्त्या असतात: रिमिक्स, कुणाच्या तरी कार्यक्रमातलं, मुलांच्या स्पर्धेतलं, मूळ गायकानंच चाळीस वर्षांनी पुन्हा गायलेलं. कान मूळ आवाज मागतो, खरखरीसकट. मुलं हौसेनं 'स्वच्छ केलेलं' गाणं आणतात आणि आईला ते ओळखीचं वाटत नाही.

काय तपासायचं सांगतो. जुनी तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. त्यामुळं तबकडीच्या काळातल्या माणसाला नाट्यपद तेवढ्यात संपलेलंच ठाऊक असतं. तुम्ही मैफलीतलं वीस मिनिटांचं लावलंत की तिसऱ्या मिनिटाला तो अस्वस्थ होतो. साल जुळवा, गायक जुळवा, मागचं ऑर्गन की हार्मोनियम, तेही जुळवा. सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे सर्वांत महत्त्वाचे. ओळखायचं काम शब्दांआधी तिथंच होतं.

कॅसेटवर वाढलेल्यांची (म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांची) एक गंमत वेगळी. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पुढं सरकायला हवी. पण मोटारी जुन्या, पट्टे सैल, आणि एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला. वेग सहा टक्क्यांनी वाढला की गाणं बरोबर अर्ध्या सुरानं चढतं, पेटीवरच्या काळी एकमधलं शेजारच्या पांढरी दोनला जातं. घरात वर्षानुवर्षं तीच चढलेली नक्कल वाजली असेल तर मूळ गाणं ऐकून माणूस म्हणतो, "हे जरा पडल्यासारखं वाटतंय." तो चुकत नाही, त्याच्या घरी ते तसंच होतं. जुनी कॅसेट माळ्यावर सापडली तर टाकू नका. फीत चिकटली नसेल तर आधी पेन्सिलीनं हळूच दोन्हीकडं फिरवून सैल करा, टेपचं हेड स्पिरिटच्या कापसानं पुसा आणि फोनमध्ये भरून घ्या. सापडली नाही तर फोनवर गाण्याचा वेग थोडा वाढवणारी ॲप असतात. तीन टक्के, पाच टक्के करून बघा. चेहऱ्यावर कळतं.

जे गाणं म्हणून कुणी मोजत नाही

आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती धून यादीत घालाच. वॉल्टर कौफमान नावाच्या संगीतकारानं तीसच्या दशकात केलेली. नाझींमुळं युरोप सोडून तो मुंबईत आला होता. शिवरंजनीच्या वळणाची ती चाल दोन-तीन पिढ्यांनी अंथरुणात पडून ऐकली आहे.

आजी खेड्यातली असेल तर ओव्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून काम करत महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आवाजासकट 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गावांच्या नावांनिशी. आजीच्या गावची नाही मिळाली तर तालुक्यातली बघा. शब्द प्रत्येकीचे वेगळे, पण गळा त्या मुलखाचा असतो आणि पुष्कळदा आजी पुढची ओवी स्वतःची जोडते. ती मात्र तेव्हाच फोनमध्ये भरून घ्या. दुसऱ्यांदा म्हणायला सांगितलं की लाजतात.

पाळणे, मंगळागौरीची गाणी, आरत्यांची तुमच्याच घरातली चाल, इचलकरंजीकडच्या माणसाला मागांची खडखड, हेही धरा.

लावायचं कसं

कानात काहीही घालायचं नाही. लहानपणी ते गाणं दुरून येत होतं, त्याला दुरूनच येऊ द्या. एक साधा स्पीकर शेजारच्या खोलीत ठेवा, दार अर्धं उघडं. वय झालं की बारीक, उंच आवाज कमी ऐकू येतात, म्हणून नुसता आवाज वाढवण्यापेक्षा एकच खणखणीत मध्यम स्वराचा स्पीकर बरा. दणदणीत बास नको, शब्द बुडतात.

वेळ जुळवा. सकाळचं सकाळी, आरत्या तिन्हीसांजेला. पंधरा-वीस मिनिटं पुरे. दिवसभर लावून ठेवलं की त्याचा पंखा होतो, आवाज असतो पण कुणी ऐकत नाही.

"ओळखलंस का? कुणाचं गाणं, सांग बरं!" हे करू नका. परीक्षा घेतल्यासारखं होतं आणि आठवलं नाही की माणूस खजील होतो. गप्प बसा, भाजी निवडा, पायाकडं, बोटांकडं, ओठांकडं बघा. काहीच हललं नाही तर ते गाणं यादीतून काढा. विसरण्याच्या आजारात हे का चालतं यावर लाइपझिगच्या संशोधकांनी 2015 साली काम केलं. जुन्या ओळखीच्या गाण्यांशी जोडलेला मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं बराच काळ शाबूत राहतो, असं त्यांना दिसलं. पण हे औषध नव्हे. डॉक्टरांचं चालू ठेवा. आणि कुठल्या गाण्यानं माणूस कासावीस झालं तर लगेच बंद करा. लहानपण सगळ्यांचं सुखाचं नसतं. गाण्यामागं कुणाचं काय दडलंय, तुम्हाला कुठं माहीत असतं?

आणि घरात लहान मूल असेल तर

हाच उद्योग उलट्या बाजूनं करता येतो, आणि तो फार सोपा आहे: तुमचे इअरफोन काढा.

कॉर्नेल विद्यापीठात कॅरोल क्रमहान्सल यांनी 2013 साली विशीतल्या मुलांना 1955 पासूनची लोकप्रिय गाणी ऐकवली. मुलांना आपल्या काळातली आवडली यात नवल नाही. पण आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही त्यांची जवळीक निघाली, आणि त्याच्याही मागं साठच्या दशकातल्या गाण्यांशी. म्हणजे घरात वाजत होतं ते झिरपलं होतं. आता आई स्वयंपाक करताना कानात इअरफोन घालून ऐकते, बाप गाडीत एकटा ऐकतो आणि पोराच्या हातात त्याचा वेगळा फोन. तिघांच्या तीन याद्या, घर मुकं. पोराला पुढं आठवायला काय राहणार?

लवकर सुरू करा, म्हणजे खरंच लवकर. हॅनन आणि ट्रेहब यांनी 2005 साली अमेरिका-कॅनडाकडच्या बाळांवर प्रयोग केले. बाल्कन मुलखातले विषम मात्रांचे ठेके सहा महिन्यांच्या बाळाला बिघडवून ऐकवले तर ते बिघाड ओळखतं. वर्षाच्या बाळाला मात्र आपल्या घरात वाजणाऱ्या ठेक्यातलाच बिघाड कळतो, परका ठेका त्याच्या कानातून गेलेला असतो. पण मजा पुढं आहे. वर्षाच्या बाळांना घरी दोन आठवडे तसलं संगीत ऐकवलं आणि ती परत ओळखायला लागली. मोठ्या माणसांना तेवढंच ऐकवून तितकं जमलं नाही. आपल्याकडं रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा. बाळाला शिकवायला जाऊ नका, नुसतं कानावर पडू द्या. तबल्याचा क्लास पुढं बघता येईल.

'चांगलं'च लावायचा अट्टहासही नको. शास्त्रीय लावून मूल हुशार होतं वगैरे मी मानत नाही. बापाला ज्याची खरी आवड आहे तेच लावा, कारण मूल गाण्याबरोबर बापाचा चेहराही बघत असतं.

भरताना

पेनड्राइव्ह 32 जीबीचा पुरतो, त्याहून मोठे काही साधे स्पीकर वाचतच नाहीत. फाइली एमपी3 मध्ये ठेवा आणि नावाच्या आधी 001, 002 असे आकडे घाला, नाहीतर यंत्र आपल्या मनानं क्रम लावतं. शंभराच्या वर गाणी नकोत. पहिल्या दहांत हमखास पाय हलणारी घाला. कागदावर ठळक अक्षरांत यादी करून स्पीकरच्या मागं चिकटवा, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईंनाही लावता येईल. एक प्रत मावशीकडं किंवा काकांकडं पाठवा आणि फोन करून विचारा, यात काय राहिलं. एकाच घरातल्या दोन भावंडांच्या यादीत पाच-सात वर्षांचं अंतर असलं की बराच फरक पडतो, आणि राहिलेली गाणी बहुधा तिकडून येतात, भांडणासकट.